गल्ल्यात न पडणारे नाणे



देवळीच्या बाजारात कापूस, तूर किंवा सोयाबीनचा भाव विचारला, तर दुकानातील लहान मूलही अंदाज सांगते. बिटकॉइनचा भाव विचारला, तर गादीवरचे आजोबा हसतात आणि नागपूर-पुण्याला शिकणारा नातू मोबाइलवर एक नजर टाकून आकडा सांगतो. या नातवाने काही वर्षांपूर्वी हातखर्चातून वाचवलेल्या पैशांत थोडी आभासी नाणी घेतलेली असतात. आता त्याच नाण्यांतून तो कपडे, किराणा, मोबाइल, घरच्यांसाठी भेटवस्तू घेऊ लागला आहे. बँकेच्या खात्यात रक्कम येत नाही, खात्यातून जातही नाही. वस्तू मात्र घरपोच येते. गेल्या दिवाळीत वहीपूजनाच्या निमित्ताने आपल्या दोन-तीन कुटुंबांतून मला एकच प्रश्न विचारला गेला : ही खरेदी वहीत कुठे लिहायची? मुलांचे म्हणणे असे की, लिहायचे काहीच कारण नाही, कारण पैसे खर्चच झालेले नाहीत. वडीलधाऱ्यांना हे पटत नव्हते, पण उत्तरही सापडत नव्हते.

प्रथम हा व्यवहार घडतो कसा, ते पाहू. आपल्याकडचे मोठे ऑनलाइन विक्रेते आभासी नाणी थेट स्वीकारत नाहीत. म्हणून मध्ये एक दलाल उभा राहतो. बिटरिफिलसारखी परदेशी संकेतस्थळे ग्राहकाकडून नाणी घेतात आणि त्यांच्या मोबदल्यात एखाद्या प्रसिद्ध दुकानाचे गिफ्ट कार्ड देतात. कार्ड म्हणजे प्रत्यक्षात अंक-अक्षरांचा एक संकेत. तो दुकानाच्या अ‍ॅपमध्ये भरला की तेवढ्या रुपयांची शिल्लक दिसू लागते व तिच्यातून खरेदी करता येते. दुकानदाराला त्या कार्डाचे रुपये अगोदरच मिळालेले असतात. ग्राहकाने ते कार्ड नोटा देऊन घेतले, की यूपीआयने, की बिटकॉइनने, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. थोडक्यात, नाणे दुकानदाराच्या गल्ल्यात पडतच नाही. ते दलालाकडे थांबते.

गंमत अशी की, हे पहिल्या दिवसापासून असेच आहे. बिटकॉइनने झालेली पहिली प्रसिद्ध खरेदी २२ मे २०१० ची. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात राहणाऱ्या लास्लो हान्येत्स या संगणकतज्ज्ञाने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मिळवले. या घटनेचा वाढदिवस क्रिप्टोप्रेमी आजही साजरा करतात. परंतु पिझ्झावाल्याने बिटकॉइन घेतले नव्हते. दुसऱ्या एका तरुणाने पदरचे डॉलर भरून पिझ्झा मागवले आणि नाणी स्वतःच्या खात्यात जमा करून घेतली. आपल्या भाषेत सांगायचे तर हान्येत्स यांनी त्या तरुणाला नाणी विकली आणि किंमत पिझ्झाच्या रूपाने घेतली. एल साल्वादोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये कायदा लागू करून बिटकॉइनला थेट दुकानाच्या गल्ल्यात आणण्याचा प्रयत्न केला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच देशाने कायदा बदलून स्वीकाराची सक्ती काढून टाकली.

तेव्हा ज्याला मुले ‘खर्च’ म्हणतात, त्यात दोन स्वतंत्र व्यवहार दडलेले आहेत. पहिला, नाणे विकून कार्ड घेणे. दुसरा, कार्ड देऊन वस्तू घेणे. दुसरा व्यवहार निरुपद्रवी आहे. वहीचा, कराचा आणि काळजीचा सगळा प्रश्न पहिल्यात आहे.

आयकर कायद्याने क्रिप्टोला चलन मानलेले नाही. ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असे नाव देऊन १ एप्रिल २०२२ पासून तिच्यासाठी वेगळा कर लावला. १९६१ च्या कायद्यातील कलम ११५ बीबीएच प्रमाणे अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले, हे तत्त्व बदलले नाही. हस्तांतरण या शब्दात विक्री येते, तसा विनिमयही येतो. म्हणून नाणे देऊन कार्ड घेतले की त्याच क्षणी, कार्डाच्या रुपयांतील किमतीला, नाणे विकले गेले असे धरायचे. बँकेत रक्कम आली नाही, हे उत्तर येथे उपयोगाचे नाही. शेतकऱ्याने रोख न घेता सरकीच्या बदल्यात ढेप नेली, तरी आपण वहीत सरकीची खरेदी आणि ढेपेची विक्री दोन्ही लिहितो, तसेच हे आहे.

येथे एक गैरसमज फार पसरला आहे. ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने गिफ्ट कार्ड, व्हाउचर, रिवॉर्ड पॉइंट इत्यादींना आभासी डिजिटल मालमत्तेच्या व्याख्येतून वगळले. त्यावरून अनेक तरुणांनी असा अर्थ काढला की, नाणे एकदा कार्डात बदलले की करातून सुटका झाली. अधिसूचनेचा अर्थ एवढाच की, कार्ड वापरून वस्तू घेताना पुन्हा हा कर लागणार नाही. नाण्याचे कार्ड होताना जो कर लागायचा तो लागून गेलेला असतो. दार बंद झाल्यावर वाड्याबाहेर उभे राहून ‘आत कोणी नाही’ म्हणण्यासारखा हा युक्तिवाद आहे.

हिशोब मांडून पाहू, कारण आकड्यांशिवाय ही गोष्ट पटत नाही. समजा, २०,००० रुपयांना घेतलेली नाणी आज ५०,००० रुपयांची झाली आणि ती देऊन मुलाने ५०,००० रुपयांची कार्डे घेतली. नफा ३०,०००, कर ९,०००, उपकर ३६०, एकूण ९,३६०. येथपर्यंत ठीक. आता त्याच वर्षी त्याने दुसरे एक नाणे ४०,००० ला घेतले होते, ते पडले आणि २५,००० च्या भावाने त्याचीही कार्डे केली. तेथे १५,००० तोटा झाला. व्यापारी म्हणेल, दोन्ही मिळून नफा १५,००० उरला, त्यावर कर द्या. कायदा तसे म्हणत नाही. एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, धंद्याच्या नफ्यातून होत नाही, पुढील वर्षी ओढताही येत नाही. खरेदी किमतीखेरीज कोणताही खर्च वजावटीस मिळत नाही. म्हणजे खरा नफा १५,००० आणि कर ९,३६०. शेकडा बासष्टच्या वर. त्यातही मुलाचे स्वतःचे उत्पन्न शून्य असले तरी या नफ्याला करमुक्त मर्यादेचा लाभ नाही, पहिल्या रुपयापासून ३० टक्के. मूल अज्ञान असेल तर हे उत्पन्न बहुधा आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या विवरणपत्रात येऊन बसते. वडिलांना आपल्या विवरणपत्रात आपण न केलेली खरेदी दिसली तर नवल वाटू नये.

आणखी एक बारकावा. अनेक मुले बिटकॉइन थेट न देता आधी त्याचे यूएसडीटी करतात, म्हणजे डॉलरशी बांधलेले नाणे, आणि मग कार्ड घेतात. नाण्याचे नाणे करणे हेही हस्तांतरणच. त्यामुळे एका बुटाच्या जोडीसाठी वहीत दोन नोंदी झाल्या.

देशातील एक्स्चेंजवर नाणी विकली तर १ जुलै २०२२ पासून कलम १९४ एस खाली १ टक्का टीडीएस कापला जातो आणि तो विक्रेत्याच्या २६ एएस मध्ये दिसतो. परदेशी संकेतस्थळ तो कापत नाही. २६ एएस कोरा दिसतो, म्हणून व्यवहार कोणाला ठाऊक नाही असे मुलांना वाटते. नाणी जेथून प्रथम रुपये देऊन घेतली, त्या देशी एक्स्चेंजकडे केवायसी आहे, बँक खात्यातून गेलेली रक्कम आहे, आणि नाणी कोणत्या पत्त्यावर बाहेर पाठवली याची नोंद आहे. मार्च २०२३ पासून हे एक्स्चेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले. २०२५ च्या वित्त कायद्याने झडतीच्या प्रकरणांतील ‘अघोषित उत्पन्ना’च्या व्याख्येत ही नाणीही घातली, आणि तेथे कराचा दर ६० टक्के आहे. विवरणपत्रात यासाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे; त्यात तारीख, खरेदी किंमत आणि मिळालेला मोबदला भरायचा असतो. शे-दोनशे छोट्या खरेदी असतील तर शे-दोनशे ओळी. चहाच्या पेल्यापुरतेही नाणे वापरणाऱ्याने ही गणती आधी करून पाहावी.

कराची बाजू येथे सोडतो. माझ्या मते या व्यवहारातील खरी जोखीम वेगळीच आहे, आणि ती समजायला आपल्या घराण्यांतील जुनी हुंडी आठवावी लागेल. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव भागातला कापूस मुंबईला जाई, तेव्हा पैसा हुंडीने फिरे. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडीला ठरलेले दिवस. त्यांत शाहजोग हुंडीचे महत्त्व मोठे होते. तिचे पैसे कोणाही येणाऱ्याच्या हाती पडत नसत. बाजारात पत असलेल्या शाहाने ती आणली पाहिजे. हुंडी चोरीची वा बनावट निघाली, तर त्या शाहाकडून रक्कम परत घेता येई, आणि तो आपल्या मागच्याला धरी. हुंडी हरवली तर लिहून देणारा पेठ देई, तीही हरवली तर परपेठ. कागदाला मोल होते ते त्याच्यामागे उभ्या असलेल्या नावांच्या साखळीमुळे.

गिफ्ट कार्डाच्या संकेतामागे असे नाव नाही. ज्याने तो आधी भरला, त्याचे पैसे. संकेत कोणी पाहिला, फोटो काढला, बनावट संकेतस्थळाने वापरलेलाच संकेत पुन्हा विकला, तर पेठ मागायला जायचे कोणाकडे? रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांप्रमाणे प्रीपेड गिफ्ट कार्डाची कमाल किंमत १०,००० रुपये आहे, त्यात पुन्हा रक्कम भरता येत नाही, आणि ते रोखीत मोडता येत नाही. म्हणजे ५०,००० च्या मोबाइलसाठी असे पाच संकेत आले, आणि पाचही वेळा ही जोखीम आली. नाणे तर एकदा गेले की परत येत नाहीच. बँकेचा चुकीचा व्यवहार उलटवण्यासाठी निदान अर्ज करता येतो, लोकपालाकडे जाता येते.

यापुढची पायरी अधिक गंभीर. समाजमाध्यमांवरील गटांत हजाराचे कार्ड आठशेला, तेही यूएसडीटी देऊन, अशा जाहिराती फिरतात. व्यापाऱ्याच्या मुलाने येथे एकच प्रश्न विचारायला हवा : हजाराची वस्तू आठशेला विकणाऱ्याला ती किती रुपयांना पडली असेल? उत्तरासाठी लांब जायला नको. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथील सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेऊन चौकशी झाली. हे लोक रात्रभर अमेरिकेतील नागरिकांना फोन करून आपण तेथील कर खात्याचे अधिकारी असल्याचे सांगत, अटकेची भीती घालत आणि दंडाची रक्कम गिफ्ट कार्ड व प्रीपेड कार्डांच्या रूपाने उकळत. भ्यालेला म्हातारा माणूस दुकानात जाऊन कार्ड विकत घेई आणि त्यावरचे अंक फोनवर वाचून दाखवी. अंक वाचून झाले की पैसे गेले. असे लुबाडलेले संकेत पुढे सवलतीत विकले जातात. आजही ती रीत बंद झालेली नाही, फक्त मोबदला आता अनेकदा क्रिप्टोत घेतला जातो. आपल्याकडे ‘डिजिटल अटके’च्या नावाने जे चालते ते याच वंशातले. कोणतेही सरकारी खाते दंड गिफ्ट कार्डाने घेत नाही, हे घरातील ज्येष्ठांना एकदा स्पष्ट सांगून ठेवावे, आणि तसा फोन आलाच तर १९३० या क्रमांकावर कळवावे.

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘तदाहृतादान’ आहे : चोराने आणलेली वस्तू घेणे. ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही आहे, ज्याचा अर्थ राज्याचे नियम ओलांडून केलेला व्यापार असा केला जातो. चोरी स्वतः न करता व्रताला लागणारे हे डाग आहेत, आणि ते प्रामुख्याने व्यापाऱ्यालाच लागू शकतात, म्हणूनच गृहस्थाच्या व्रतात त्यांचा उल्लेख आला असावा. स्वस्त कार्ड आणि न लिहिलेला नफा या दोहोंना यांहून अचूक नाव मला सापडले नाही.

मुलांची बाजूही ऐकली पाहिजे. ती म्हणतात, नाणी अनोळखी माणसाला विकून रुपये खात्यात घेतले, आणि त्या माणसाकडे ते पैसे फसवणुकीतून आलेले निघाले, तर सायबर पोलिसांच्या सूचनेवरून आपलेच खाते गोठते. हे खरे आहे. तक्रार परराज्यात नोंदलेली असते, आणि दुकानाचे चालू खाते भर हंगामात अडकते. तपासाधीन मालमत्ता रोखून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ ने दिलेला आहे. त्या त्रासाच्या भीतीनेच अनेक जण कार्डाकडे वळतात. दुसरी भीती एक्स्चेंजचीच. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या मोठ्या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली आणि ग्राहकांची खाती वर्षाहून अधिक काळ अडकून पडली. त्यानंतर ‘ठेवण्यापेक्षा वापरून टाकलेले बरे’ ही भावना बळावली, यात आश्चर्य नाही. परंतु त्यावर सरळ उपाय एफआययूकडे नोंदणी असलेल्या देशी एक्स्चेंजवर नाणी विकून, टीडीएस कापून, रुपये आपल्या बचत खात्यात घेणे आणि मग हवे ते विकत घेणे हाच आहे. ज्याला ही नाणी सांभाळायची आहेत त्याने दुकानाचे चालू खाते या कामापासून पूर्ण दूर ठेवावे, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता गल्ल्याच्या या बाजूने. उद्या एखादा ग्राहक दुकानात येऊन थेट यूएसडीटी देऊ लागला तर? तसे घेणे म्हणजे दुकानदाराने माल देऊन आभासी मालमत्ता विकत घेणे होय. मग टीडीएसची जबाबदारी दुकानदाराची. ज्याची मागील वर्षाची उलाढाल एक कोटीच्या वर आहे, त्याला ही मर्यादा वर्षाला अवघी १०,००० रुपये आहे. लहान दुकानदाराला ५०,०००. मोबदला मालाच्या रूपात असल्याने माल हातचा सोडण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री करून घ्यावी लागते. मालावरचा जीएसटी रुपयांतच भरायचा. पुढे नाण्याचा भाव चढला तर त्या नफ्यावर पुन्हा ३० टक्के. घराण्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर क्रिप्टोची माहिती ताळेबंदात उघड करणे २०२१ पासून बंधनकारक आहे. एवढी यातायात एका साडीसाठी करायची नसेल, तर क्यूआर कोडकडे बोट दाखवावे. मात्र डिजिटल रुपया नाकारू नये. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ व्यवहारांसाठी प्रायोगिक स्वरूपात आणलेला हा रुपया नोटेसारखाच वैध आहे. दोहोंची गल्लत मी चांगल्या शिकलेल्या माणसांत पाहिली आहे.

वहीत काय लिहायचे, या मूळ प्रश्नाचे उत्तर आता सोपे झाले. कार्ड घेतल्याच्या तारखेला त्याची रुपयांतील किंमत मोबदला म्हणून, त्या नाण्याची मूळ खरेदी किंमत समोर, आणि फरक नफ्यात. त्यानंतरची वस्तूची खरेदी हा साधा घरखर्च. नाणे विकत घेतल्याचा बँकेचा उतारा, कार्डाची पावती आणि त्या दिवशीचा भाव, ही तीन कागदपत्रे छापून फाइलला लावावीत. संकेतस्थळे बंद पडतात, मोबाइल बदलतात.

एका संस्थेच्या विश्वस्तांनी विचारलेला प्रश्न राहिला. गोशाळेला किंवा पांजरापोळेला एखाद्या तरुणाने क्रिप्टोतून घेतलेले कार्ड किंवा प्रत्यक्ष नाणेच दान म्हणून देऊ केले, तर घ्यावे काय? कलम ८० जी ची वजावट पैशाच्या रूपातील दानालाच मिळते, वस्तुरूप दानाला नाही. रोखीत दिलेल्या दानालाही ती २,००० रुपयांपर्यंतच. नाणे दिले तर दात्याला वजावट नाही. संस्थेच्या बाजूने पाहता, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ३५ विश्वस्त निधी कोठे गुंतवावा हे ठरवून देते, त्यामुळे आलेले नाणे भाव चढेल या आशेने धरून ठेवणे विश्वस्तांना अडचणीचे ठरेल. कार्डाने चारा मिळत नाही, आणि कार्ड रोखीत मोडत नाही. तेव्हा त्या तरुणाला मुनीमजींनी बसवून पाणी द्यावे, नाणी त्याच्याच नावाने विकायला सांगावे आणि रक्कम संस्थेच्या खात्यात यूपीआयने आली की त्याच्या पॅन क्रमांकासह पावती फाडावी.